आधी मोजू द्या, मग सांगा

बरणीखाली मेणबत्ती विझते आणि ताटलीतलं पाणी बरणीत चढतं, हा प्रयोग शाळेत गेलेल्या बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याचं स्पष्टीकरणही अनेकांना पाठ असतं: मेणबत्तीने बरणीतला ऑक्सिजन संपवला, हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो, म्हणून पाणी बरणीत एक पंचमांश उंचीपर्यंत चढलं. हे स्पष्टीकरण चुकीचं आहे. ते चुकीचं आहे हे कळायला प्रयोगशाळाही लागत नाही. त्याच ताटलीत, त्याच बरणीखाली आणखी दोन मेणबत्त्या लावल्या तर दहा-बारा वर्षांच्या मुलांना ते तासाभरात दिसू शकतं. तरीही ते वाक्य वर्षानुवर्षं वह्यांत उतरत आलं आहे, कारण प्रयोग सुरू व्हायच्या आधीच निष्कर्ष फळ्यावर लिहिलेला असतो आणि एकदा तो लिहिला की बरणीकडे कुणी नीट बघत नाही.

विज्ञान शिकवताना प्रयोग हवेत, हे आता सगळेच मान्य करतात. खरा प्रश्न आहे तो प्रयोगाचा निकाल कुणी ठरवायचा हा. आमचं म्हणणं असं: प्रश्न मोठ्यांनी निवडावा, साहित्य आणि कृतीही मोठ्यांनी बेतावी, पण उत्तर मुलांच्या डोळ्यांतून आणि मोजणीतून यावं. ते उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही तर खोडरबर न काढता प्रयोग पुन्हा करावा.

मेणबत्तीचाच प्रयोग तपशिलात पाहू. वीस सेंटिमीटर व्यासाच्या पसरट, सपाट तळाच्या ताटलीत दोन सेंटिमीटर खोल पाणी घ्यावं आणि त्यात थोडा रंग टाकावा, म्हणजे पातळी लांबूनही दिसते. मधोमध पाच सेंटिमीटर उंचीची मेणबत्ती तिच्याच वितळलेल्या मेणाने आधी पक्की चिकटवावी आणि मग पाणी ओतावं. उलट क्रमाने केलं तर मेण ओल्या ताटलीला धरत नाही. बरणी जाड काचेची, सरळ उभ्या भिंतीची आणि पंधरा सेंटिमीटरच्या आसपास उंच असावी. तिच्यावर बाहेरून मिलिमीटरच्या खुणा केलेली कागदी पट्टी चिकटवावी. ताटलीत तीन नाणी ठेवून बरणीचा काठ त्यांवर टेकवावा. नाणी नसली तर काठ तळाला घट्ट बसतो, पाण्याला आत शिरायला वाट राहत नाही आणि ‘प्रयोग फसला’ म्हणून सगळे उठतात. केस बांधलेले असावेत, सैल बाह्या वर सारलेल्या असाव्यात, आणि काडी पेटवायचं काम मोठ्या माणसाचं.

आता बरणी उपडी करायच्या आधी मुलांना विचारायचं: एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी जास्त चढेल, कमी चढेल की तेवढंच? प्रत्येकाने उत्तर आणि त्याचं कारण वहीत लिहायचं. ज्यांना ऑक्सिजनचं स्पष्टीकरण माहीत आहे ती हुशार मुलं म्हणतील, ‘तेवढंच, फक्त लवकर.’ त्यांचं तर्कशास्त्र बिनचूक आहे. बरणी तीच, हवा तेवढीच, तर ऑक्सिजनही तेवढाच. मग एकमेकींपासून दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर तीन मेणबत्त्या लावून पाहायचं. पाणी स्पष्टपणे जास्त चढतं.

इथे शिक्षकाने गप्प राहायचं. प्रयोग पुन्हा करायचा आणि या वेळी मुलांना दोनच गोष्टींवर नजर ठेवायला सांगायचं: बरणीच्या काठाशी काय होतं, आणि पाणी नेमकं कधी चढतं. काठाखालून बुडबुडे बाहेर येताना दिसतात. ज्योत नीट जळत असेपर्यंत पातळी फारशी हलत नाही. ज्योत मंदावते, विझते, आणि मग पाणी झपाट्याने वर येतं. ऑक्सिजन संपल्यामुळे पाणी चढत असतं तर ते ज्योत जळत असतानाच हळूहळू चढायला हवं होतं. ज्योतीने हवा तापते, फुगते आणि थोडी बाहेर पडते. ज्योत गेल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. तीन ज्योतींनी हवा जास्त तापते, म्हणून जास्त हवा बाहेर जाते. हे मुलं स्वतः बोलून दाखवतात, फक्त त्यांना बुडबुडे दिसले पाहिजेत. बरणी झटकन खाली आणली तर बुडबुडे नजरेतून निसटतात. दोन-तीन सेकंद घेऊन ती सावकाश उतरवावी, आणि दर वेळी तेवढाच वेळ घ्यावा, नाहीतर दोन प्रयोगांची तुलना करता येत नाही.

शेवटचा घाव मेणबत्ती न लावताच घालता येतो. कोरड्या बरणीत हेअर ड्रायरची गरम हवा मिनिटभर सोडायची आणि लगेच ती नाण्यांवर उपडी ठेवायची. काहीच जळलेलं नसतं, तरी पाणी चढतं. काच तापलेली असल्यामुळे ते सावकाश चढतं, एवढाच फरक.

ऑक्सिजन वापरला जातो हे खोटं नाही. पण बंद बरणीतली मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवत नाही. हवेतलं त्याचं प्रमाण २१ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांवर आलं की ज्योत विझते. शिवाय त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड येतो: मेणाच्या ज्वलनात ऑक्सिजनचे ३८ रेणू खर्च झाले तर कार्बन डायऑक्साइडचे २५ तयार होतात. पाण्याची वाफ काचेवर जमून जाते. सगळा हिशेब मांडला तर या कारणाने बरणीतली हवा एक-दोन टक्केच कमी होते. हा हिशेब वरच्या वर्गातल्या मुलांना जरूर करायला द्यावा, पण पट्टीवरचे आकडे हातात आल्यानंतर.

प्रश्न आणि कृती मोठ्यांनी बेतावी या म्हणण्याला दुसऱ्या टोकाकडूनही विरोध होतो, आणि तो विरोध उत्साही लोकांचा असल्यामुळे जास्त सांभाळून हाताळावा लागतो. मुलं जात्याच वैज्ञानिक असतात, त्यांना साहित्य द्या आणि मोकळं सोडा, ती आपोआप शोधतील, असं ते म्हणतात. तसं होत नाही. कुतूहल उपजत असतं, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तुलनेसाठी एक जोडी न बदलता ठेवायची, एका मोजणीवर विसंबायचं नाही, या सवयी शिकवाव्या लागतात. फान हेल्मोंट या फ्लेमिश अभ्यासकाने सतराव्या शतकात २०० पौंड वाळवलेल्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं आणि मग झाड उपटून तोललं. झाड १६९ पौंडांचं झालं होतं आणि माती जेमतेम दोन औंस घटली होती. झाड माती खाऊन वाढतं ही समजूत या तोलण्याने मोडली. पण त्याने निष्कर्ष काढला की झाडाचं सगळं लाकूड पाण्यातूनच आलं. १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, हे प्रसिद्ध झालं. कोळसा जाळल्यावर निघणाऱ्या वायूचा अभ्यास ज्याने स्वतः केला होता, त्यालाही झाड हवेतून काही घेत असेल असं सुचलं नाही. इतक्या चिकाटीच्या माणसाची मोजणी बरोबर येऊन निष्कर्ष चुकू शकतो, तर दहा वर्षांच्या मुलाला ‘शोध बघू’ म्हणून सोडून देणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

बियांच्या प्रयोगात हीच अडचण दर वेळी येते. रुजायला उजेड लागतो का, हे पाहायला मुलं एक बी खिडकीत आणि एक कपाटात ठेवतात. त्यातलं एक बी मुळातच मेलेलं असलं तर काय? दोन्हीकडे किमान दहा-दहा बिया हव्यात, रात्रभर भिजवलेल्या, ओलसर कापसावर. कापूस पाण्यात तरंगता कामा नये, बियांना हवाही लागते. बुडालेल्या बिया कुजतात आणि मुलं दोष अंधाराला देतात. आठवड्याभराने कपाटातले कोंब खिडकीतल्यांपेक्षा उंच झालेले असतात, आणि ‘अंधारात रोप जास्त चांगलं वाढतं’ असं वर्गात एकमताने ठरतं. तिथे थांबलं तर प्रयोगाने चुकीचीच गोष्ट शिकवली. कोंबांचा रंग पाहा, देठ बोटात धरून पाहा, आणखी आठवडाभर दोन्हीकडे सारखंच पाणी घाला, असं सांगणारं कुणीतरी शेजारी लागतं. बियांमधला साठा संपला की पिवळे, लांबुडके कोंब माना टाकतात.

मोजणीची शिस्त शिकवायला लंबकाइतकं चांगलं साधन दुसरं नाही. दोरा, लोखंडी नट, मोजपट्टी आणि सेकंद दाखवणारं घड्याळ, एवढंच साहित्य. दोरा खिळ्याला नुसता गुंडाळू नये. झोक्याबरोबर तो खिळ्याभोवती थोडा गुंडाळला-सुटला जातो आणि लांबी बदलत राहते. दोन सपाट पट्ट्यांच्या मध्ये दोरा चिमटून टेबलाच्या कडेला बांधावा. लांबी पट्टीच्या खालच्या कडेपासून नटाच्या मध्यापर्यंत मोजावी, गाठीपर्यंत नाही. आधी २५ सेंटिमीटर घ्या. नट चार-पाच सेंटिमीटर बाजूला ओढून न ढकलता सोडा. वीस झोके मोजा. एक झोका म्हणजे जाऊन परत येणं. वेळ वीस सेकंदांच्या आसपास येतो.

वीसच का? घड्याळाचं बटण दाबताना हात साधारण दोन दशांश सेकंद मागेपुढे होतो. एकाच झोक्याचा वेळ घेतला तर ही चूक वीस टक्क्यांची होते. वीस झोक्यांवर पसरली की ती एक टक्का उरते. हे गणित मुलांना भाषणातून पटत नाही. आधी एकेका झोक्याचा वेळ घेऊ द्यावा, आकडे कसे विखुरतात ते बघू द्यावं, मग वीस झोक्यांचा उपाय सुचवावा.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक मोजायला सुरुवात करतानाची असते. नट सोडताना मुलं ‘एक’ म्हणतात. ‘शून्य’ म्हणायला हवं. ‘एक’पासून सुरू केलं की वीस म्हणेपर्यंत एकोणीसच झोके झालेले असतात आणि वीस सेकंदांऐवजी एकोणीस येतात. वर्गात दोन गटांचे आकडे एका सेकंदाने वेगळे आले की कोण बरोबर हे शिक्षकाने सांगू नये. दोन्ही गटांनी एकाच लंबकासमोर एकत्र, मोठ्याने मोजावं. पहिल्या झोक्यालाच चूक सापडते.

मग प्रश्न: नट तिप्पट केले तर? बहुतेक मुलं म्हणतात, जड लंबक जोरात जाईल. करून पाहतात, तर उलटंच: वीस झोक्यांना अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ. ‘वजन वाढलं की लंबक मंदावतो’ असं ती लिहायला घेतात. आता नट कसे बांधलेत ते बघा. एकाखाली एक अडकवलेत. दीड-दीड सेंटिमीटरचे तीन नट माळेसारखे लटकले की त्यांचा मध्य दीड सेंटिमीटर खाली जातो. लंबक २५ ऐवजी २६.५ सेंटिमीटरचा होतो आणि तेवढ्याने वीस झोक्यांना ०.६ सेकंद वाढतात. म्हणजे मुलांची मोजणी चोख होती, पण एकाऐवजी दोन गोष्टी बदलल्या गेल्या होत्या. तिन्ही नट एकाच गाठीला शेजारी-शेजारी बांधले की फरक नाहीसा होतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, हा नियम फळ्यावरून पाठ केलेल्या मुलापेक्षा या ०.६ सेकंदाचा माग काढलेल्या मुलाला तो कायमचा कळतो. आणि त्या ०.६ ला ‘किरकोळ फरक’ म्हणून खोडायला लावणारा शिक्षक वर्गातला सगळ्यात चांगला धडा वाया घालवतो.

लांबी चौपट, म्हणजे एक मीटर केली की वेळ दुप्पट होतो. पन्नास सेंटिमीटरला काय येईल याचा अंदाज आधी लिहून घ्यावा. बरीच मुलं दीड सेकंद लिहितात, येतो १.४. का, हा वर्गमुळाचा प्रश्न काही मुलांना तिथेच बोचू लागतो. झोका लहान असो वा मोठा, वेळ तेवढाच, असं गॅलिलिओचं मत होतं. तेही मुलांना तपासू द्या. २५ सेंटिमीटरच्या लंबकाचा नट ६० अंशांपर्यंत ओढून सोडला तर दहा झोक्यांना साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो. सतराव्या शतकातच ह्युगेन्स या डच शास्त्रज्ञाने हे गणिताने दाखवलं होतं. गॅलिलिओचं विधान लहान झोक्यांपुरतंच खरं आहे, हे स्वतःच्या घड्याळाने पाहिलेलं मूल नियम कुठपर्यंत चालतो हे विचारायला शिकतं.

जिथे मोजायला फारसं काही नसतं तिथे नुसतं बघणंही पुरतं, पण योग्य वेळी बघावं लागतं. चंद्राच्या कला कशामुळे होतात असं विचारलं तर कित्येक मोठी माणसंही ‘पृथ्वीची सावली पडते’ असं सांगतात. कृष्ण अष्टमीच्या आसपास सकाळी आठच्या सुमारास पश्चिमेकडे चंद्र दिसतो आणि पूर्वेला सूर्य असतो. मुलांना उन्हात उभं करून हातात एक पांढरा चेंडू द्यावा. हात लांब करून चेंडू चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा धरायचा. चेंडूवर उजेड आणि अंधार यांची सीमा नेमकी चंद्रासारखीच दिसते: तेवढाच भाग उजळ, त्याच बाजूने. चेंडूवर पृथ्वीची सावली नाही, हे सांगावं लागत नाही. शिवाय सूर्य आणि चंद्र दोघंही आकाशात दिसत असताना पृथ्वी त्यांच्या मध्ये कशी येणार? शुक्ल अष्टमीला हेच दुपारी चारच्या सुमारास करता येतं. तेव्हा चंद्र पूर्वेकडे असतो. सूर्याकडे बघायचं नाही ही ताकीद आधी द्यावी, आणि चेंडू झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत येत नाही ना तेवढं पाहावं. शाळा भरते त्या वेळात हा प्रयोग होतो, तरी तो क्वचितच होतो, कारण धड्याचा दिवस आणि चंद्राचा दिवस जुळवायची तसदी कुणी घेत नाही. धडा आठवडाभर पुढेमागे करायची मुभा शिक्षकाला असायला हवी.

एवढा वेळ कुठून आणायचा, हा शिक्षकांचा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. सगळं विज्ञान असं शिकवता येत नाही आणि शिकवूही नये. अणूची रचना, पेशीतली गुणसूत्रं, खंडांचं सरकणं या गोष्टी मुलं दोऱ्याने आणि बरणीने शोधू शकत नाहीत. त्या नीट सांगाव्यात, कुणाला कशावरून कळल्या तेही सांगावं. आमचा आग्रह वर्षाकाठी सहा-सात प्रश्नांपुरता आहे, पण तेवढे प्रश्न शेवटपर्यंत न्यावेत. चाळीस प्रयोग दाखवून उरकण्यापेक्षा एका लंबकावर चार तास घालवणं जास्त फायद्याचं आहे, कारण त्या चार तासांत जे शिकलं जातं ते पुढच्या प्रत्येक प्रयोगात वापरता येतं.

खरी गाठ परीक्षेशी आहे. प्रयोगवहीत हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष हे रकाने असतात आणि गुण निष्कर्षाला मिळतात. मग मुलं निष्कर्षापासून उलट चालत निरीक्षण लिहितात. दहा गटांनी २५ सेंटिमीटरच्या लंबकाचा वेळ बरोब्बर १.०० सेकंद लिहिला असेल तर त्यातल्या बहुतेकांनी मोजलेलं नाही, हे तपासणाऱ्याला कळायला हवं. खऱ्या मोजणीत ०.९८ ते १.०३ अशी विखुरण दिसते. गुण द्यायचे तर ते कारणासहित लिहिलेल्या अंदाजाला, पुन्हा केलेल्या मोजणीला, न जुळलेला आकडा तसाच ठेवून त्याचं कारण शोधण्याला द्यावेत. अंदाज चुकला म्हणून गुण कापू नयेत, पण अंदाज लिहिलाच नसेल तर कापावेत.

हे स्वप्नरंजन नाही. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा सरकारी उच्च प्राथमिक (सहावी ते आठवीच्या) शाळांमधून प्रयोगांवर आधारलेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे शेकडो शाळांत पोचला. साध्या ग्रामीण शाळांमध्ये मुलं गटाने प्रयोग करत, आणि परीक्षेत पुस्तक-वही उघडी ठेवायला परवानगी होती. हाताने करायच्या प्रयोगांचीही परीक्षा होत असे. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. पण वेगळी परीक्षा सरकारी शाळांत चालवता येते की नाही, या शंकेचं उत्तर त्या तीस वर्षांनी देऊन ठेवलं आहे.

साहित्याच्या पेट्या वाटणं सोपं असतं, म्हणून धोरणं तिथेच थांबतात. पेटी कपाटात जाते, काचेचं काही फुटलं तर जबाबदारी कुणाची या भीतीने कुलूप लागतं. त्यापेक्षा पैसा आणि दिवस शिक्षकांच्या प्रशिक्षणावर घालवावेत, आणि प्रशिक्षणात व्याख्यानाआधी शिक्षकांच्या हातात दोरा आणि नट द्यावेत. वर्गात मुलांकडून होतात त्या चुका त्यांच्याकडूनही होतील: कुणी ‘एक’पासून मोजेल, कुणी नटांची माळ लावेल. सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडावेत, कोणता बरोबर हे प्रशिक्षकाने सांगू नये, आणि आकडे का जुळत नाहीत हे शोधायला पूर्ण दुपार द्यावी.